फ्रीझरमधली पिशवी आणि मंद आच

मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडी आहे आणि दुसऱ्या अंगाला माले. दोघांचंही तहसील कार्यालय पौडलाच. हिंजवडीच्या उंच इमारतींत नवरा-बायको दोघंही नोकरीला असतात. रविवारी रस्सा, उसळ, वाटण करून पिशव्या भरायच्या, त्या फ्रीझरमध्ये रचायच्या आणि सकाळी निघताना एक पिशवी स्लो कुकरमध्ये रिकामी करायची, ही युक्ती अशा घरांच्या सोयीची आहे. माले पौडहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुळशी धरणालगत वसलेलं. पावसाळ्यात तारांवर झाड पडलं की इथे दिवे जातात. धरणाचं पाणी कोकणात भिऱ्याला उतरून वीज होते आणि ती मुंबईकडे जाते. धरणाविरुद्धच्या १९२१च्या मुळशी सत्याग्रहापासूनचा हा सल आहे. शनिवारी पुण्याहून शेतघरावर येणारी मंडळी गोठवलेल्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात घालून इकडे आणतात, तेव्हा हिंजवडीच्या सोयीची मालेच्या विजेशी गाठ पडते. या सोयीभोवती जमलेले गैरसमजही पिशव्यांसोबत प्रवास करतात.

सगळ्यांत पक्का समज असा, की फ्रीझरमध्ये जंतू मरतात. मरत नाहीत. उणे १८ अंश सेल्सिअसला बहुतेक जीवाणूंची वाढ थांबते, पण ते टिकून राहतात आणि अन्न वितळलं की पुन्हा कामाला लागतात. म्हणजे पिशवीत जे घातलं तेच बाहेर येणार. घरातल्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप असतो, ‘महिन्याचं शिळं काय खायचं?’ त्याचं उत्तरही इथेच आहे. नीट गोठवलेल्या रश्श्याचा फ्रीझरमधला महिना फारसा मोजायचा नाही. मोजायचे ते गॅस बंद केल्यापासून फ्रीझरचं दार लागेपर्यंतचे तास, आणि पिशवी बाहेर काढल्यापासून रस्सा खदखदेपर्यंतचे तास. साधारण ५ ते ६० अंश हा जीवाणूंचा हक्काचा पट्टा. अन्न त्यातून जितकं झपाट्याने जाईल तितकं बरं.

आता दुसरा समज घ्या: गरम भांडं फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, पूर्ण निवू द्यायचं. अर्धा भाग खरा आहे. वाफाळतं मोठं पातेलं आत गेलं तर शेजारचं दूध-दही तापतं. पण म्हणून मटणाचा रस्सा रात्रभर ओट्यावर ठेवणं हा त्याहून मोठा घोटाळा. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जीवाणूचे बीजाणू उकळीतूनही तगतात. अन्न ४३ ते ४७ अंशांच्या आसपास रेंगाळलं की ते इतक्या वेगाने वाढतात, की संख्या दुप्पट व्हायला दहाएक मिनिटं पुरतात. भंडाऱ्यात किंवा लग्नात मोठ्या पातेल्यातलं जेवण दुसऱ्या दिवशी बाधतं, त्यामागे पुष्कळदा हाच असतो. खोल पातेल्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. नियम सोपा आहे. शिजल्यापासून दोन तासांत अन्न थंडीत गेलं पाहिजे, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात. त्यासाठी रस्सा उथळ ताटल्यांत किंवा छोट्या डब्यांत काढावा, परातीत गार पाणी घालून पातेलं त्यात ठेवावं, अधूनमधून ढवळावं. मग पिशवीत भरून ती आडवी, चपटी ठेवावी. वहीसारखी सपाट पिशवी लवकर गोठते आणि लवकर वितळतेही. काचेची बरणी वापरायची असेल तर वर जागा सोडावी. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि काठोकाठ भरलेली बरणी तडकते.

स्लो कुकरविषयीचा कळीचा गैरसमज या जोडगोळीतूनच जन्मतो: आठ तास शिजणार आहे, तर दगडासारखा गोळा तसाच टाकला तर काय बिघडलं?

हे यंत्र मुळात कशासाठी झालं ते पाहिलं की उत्तर कळतं. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० साली त्याचं पेटंट मिळालं. त्यांच्या घरात लिथुआनियातल्या ज्यू कुटुंबांची एक आठवण सांगितली जाई: शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून घेवड्याच्या दाण्यांचं कालवण आदल्या संध्याकाळी भट्टीच्या उरल्या धगीवर ठेवायचं. नॅक्सन यांनी यंत्राचं नावही ‘नॅक्सन बीनरी’ ठेवलं होतं. १९७० साली रायव्हल कंपनीने त्यांचा धंदा विकत घेतला आणि १९७१ साली तेच यंत्र ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आलं. आपल्याकडे चुलीच्या बाजूच्या वैलावर आमटी ठेवत, ती जात तीच. वैलावर आमटी आधी उकळून मगच सरकवली जाई, हे मात्र विसरायचं नाही. स्लो कुकर साधारण १५० ते २५० वॅटचा असतो. त्याची धग गार अन्नाला हळूहळूच वर नेते. त्यात बर्फाचा गोळा पडला तर कडेचा रस्सा कोमट होतो आणि मधलं मटण कित्येक तास त्या धोक्याच्या पट्ट्यात लोळत राहतं. म्हणून अमेरिकेचं कृषी खातं स्वच्छ सांगतं, की मांस आधी पूर्ण वितळवा, मग स्लो कुकरमध्ये घाला. वितळवायचं तेही ओट्यावर नाही, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. अर्ध्या किलोच्या गोळ्यालाही जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. म्हणजे सोमवारची पिशवी रविवारी सकाळीच खाली आली पाहिजे. विसरलात? मग त्या दिवशी स्लो कुकर विसरा. पातेल्यात थोडं पाणी घालून, झाकण ठेवून, गॅसवर ढवळत उकळी आणा; रस्सा आधी शिजवलेला असेल तर जेवायला तेवढं पुरतं.

झाकण वारंवार उघडून पाहणाऱ्यांसाठी एक सूचना: प्रत्येक वेळी वीस-तीस मिनिटांची आच हवेत जाते. भांडं निम्म्याहून कमी किंवा दोन तृतीयांशाहून जास्त भरू नये. आणि गाजर-बटाट्यासारखे कंद तळाशी, मांस वर. ऐकायला उलटं वाटतं, पण या यंत्रात कंदांना मांसापेक्षा जास्त वेळ लागतो.

यंत्राचा जन्म घेवड्याच्या दाण्यांसाठी झाला खरा, पण त्यातला सगळ्यांत गंभीर धोकाही एका दाण्यातच दडला आहे, आणि तो म्हणजे राजमा. कच्च्या लाल राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विष भरपूर असतं. चार-पाच कच्चे दाणेही एक ते तीन तासांत उलट्या, मळमळ, मग जुलाब सुरू करू शकतात. पूर्ण उकळीने ते नष्ट होतं. मंद आचेने होत नाही. उलट ८० अंशांपर्यंतच तापलेला राजमा कच्च्यापेक्षा पाचपट विषारी ठरू शकतो, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोंदवलं आहे. ‘रात्री भिजवला, सकाळी मसाल्यासकट कुकरमध्ये टाकला, संध्याकाळी मऊ झाला’ ही कृती म्हणूनच चुकीची. मऊ होणं आणि निर्धोक होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकावं, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा. मुळशीसारख्या सहाशे मीटर उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. तेवढ्या फरकाने बिघडत नाही. प्रेशर कुकरच्या शिट्ट्यांत तर आतलं तापमान १२० अंशांजवळ जातं, त्यामुळे आपल्या नेहमीच्या राजमा-चावलाला या विषाची बाधा नाही. राजमा आधी असा शिजवून गोठवलात तर तो नंतर स्लो कुकरमध्ये खुशाल मुरू द्या.

भाताची गोष्ट वेगळी. मुळशी हा आंबेमोहोराचा मुलूख. इथे उरलेला भात टाकणं कुणाच्याही जिवावर येणारच. पण ‘चांगला गरम केला की झालं’ हे भाताला लागू नाही. बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजताना तगतात, कोमट भातात वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं उलटीचं विष पुन्हा उकळूनही मोडत नाही. गरम भात पसरून लवकर निववून गोठवला तर चालतो. रात्रभर उघडा राहिलेला नाही.

वितळलेलं पुन्हा गोठवू नये, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. फ्रीजमध्ये, गारच असताना वितळलेलं अन्न पुन्हा गोठवलं तर आरोग्याला धोका नसतो, फक्त चव आणि पोत उतरतो. ओट्यावर कोमट झालेलं मात्र गोठवू नये. मालेच्या शेतघराला हे कामाचं आहे. वीज गेली आणि दार उघडलं नाही तर गच्च भरलेला स्वतंत्र डीप फ्रीझर सुमारे ४८ तास गारठा धरतो, अर्धा भरलेला २४ तास, आणि फ्रीज जेमतेम चार तास. साध्या फ्रीजच्या छोट्या कप्प्याने इतका दम धरावा ही अपेक्षा ठेवू नये. घर बंद ठेवून पुण्याला परतताना वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवावं. पुढच्या शनिवारी नाणं तळाशी गोठलेलं दिसलं, तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं होतं. मग मटण पुन्हा नाकाशी नेऊन हुंगण्यात अर्थ नाही. जीवाणूंचं विष वासाने कळत नाही.

‘फ्रोझन म्हणजे निःसत्त्व’ हाही एक लाडका समज. थंडीत मटार स्वस्त होतो, तेव्हा सोलून, दीड-दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून, गार पाण्यात टाकून गोठवला, तर त्यातली विकरं थांबतात आणि रंग, गोडवा टिकतो. उकळीत थोडं क जीवनसत्त्व जातं, पण आठवडाभर भाजीच्या कप्प्यात सुकणाऱ्या मटाराचंही ते जातंच. गोठवलेल्या अन्नाच्या पृष्ठभागावर पांढरे, कोरडे डाग पडतात तेही विषारी नसतात. हवा लागून पाणी उडालेलं असतं, एवढंच.

चवीच्या बाजूने मात्र फ्रीझर पक्षपाती आहे. मटकी, भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण, सोललेली वालाची बिरडी छान टिकतात. बिरडी सोलण्याचा खटाटोप ज्याने केला आहे त्याला एका बैठकीत महिन्याची सोलून ठेवण्याचं मोल सांगायला नको. रश्श्यातला बटाटा पाणचट, रवाळ होतो, दह्याची कढी आणि नारळाचं दूध फुटतं. बांगड्यासारखी तेलकट मासळी दोन-तीन महिन्यांतच खवट लागते. मसाल्यांचंही असंच. लवंग, मिरी, लसूण गोठून उग्र, कडसर होतात, कांद्याची चव बदलते, मीठ फिकं पडतं. त्यामुळे पिशवी भरताना मीठ-मसाला हात राखून घालावा. उकडलेला बटाटा, दही, नारळाचं दूध आणि लसणाची फोडणी स्लो कुकर बंद करायच्या आधी अर्ध्या तासात.

राहता राहिलं वीजबिल. आठ तास चालणारं यंत्र म्हणजे बिल फुगणार, असं वाटतं. २०० वॅटचा कुकर आठ तास चालला तर १.६ युनिट जळतात; २००० वॅटची इंडक्शन शेगडी पूर्ण जोरावर अर्धा तास चालली तर एक युनिट. म्हणजे स्लो कुकर स्वस्त नाही, उधळ्याही नाही. मटण प्रेशर कुकरमध्ये चाळीस मिनिटांत शिजतं आणि इंधनही कमी लागतं. स्लो कुकर घ्यायचाच, तर तो सकाळी साडेआठला घर सोडून रात्री आठला परतणाऱ्या हिंजवडीकराने घ्यावा. मालेत पावसाळ्यात तो लावून भातखाचरावर निघून जाण्यात मात्र शहाणपण नाही. दुपारी तीन तास वीज गेली आणि परतल्यावर दिवा पेटलेला दिसला, तर रस्सा कधी थांबला आणि कधी पुन्हा तापला ते कळायला मार्ग नसतो. घरी कुणी नसताना असं झालं असेल, तर तो शिजलेला दिसला तरी टाकून द्यावा.