सरोवराकांठच्या कन्येस फुलें

परगांवीं फुलें धाडावयाचीं म्हणजे तीं येथून प्रवासास निघतात, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः प्रवास घडतो तो मागणीचा. अमेरिकेंतील रॉचेस्टर शहरीं १९१० सालीं पुष्पविक्रेत्यांनीं संघ स्थापिला, तो याच तत्त्वावर: मागणी एका दुकानीं घ्यावी, ती तारेनें कळवावी आणि फुलें दुसऱ्या गांवच्या दुकानानें पोंचवावीं.

रॉचेस्टरच्या आग्नेयेस, कॅनन्डेग्वा सरोवराच्या उत्तर टोंकास, त्याच नांवाचें लहानसें नगर आहे. आपली कन्या तेथें नांदत असून तिचा वाढदिवस जवळ आला आहे, असें समजूं. दूरच्या मध्यस्थाकडे मागणी नोंदविली, तर पैशांचा कांहीं भाग त्याच्याकडे राहतो आणि गुच्छ तितका उणा होतो. तेव्हां गांवांतील दुकानासच फोन करावा, असें आम्ही सुचवूं. तेथील घड्याळ उन्हाळ्यांत साडेनऊ व हिंवाळ्यांत साडेदहा तास मागें असतें, हें ध्यानांत ठेवावें. निशिगंधाचा हट्ट नको. तेथें ताजें असेल तें घ्यावें.

चिठ्ठीवरील मजकूर मात्र दुकानदारावर सोंपवूं नये. रोमन लिपींत कां होईना, एकेक अक्षर सांगून तो मराठींतच लिहवावा. फुलें चार दिवसांत कोमेजतील. आईची ती ओळ मुलगी जपून ठेवील.