अंगालगतचे वस्त्र

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुका जसा द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे, तसाच तो थंडीसाठीही आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडे, गार वारे वाहू लागले, की कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्राच्या तापमापकाकडे साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष लागते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस येथील पारा २ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला होता. अशा कडाक्याने द्राक्षांच्या मण्यांना तडे जातात. म्हणून बागाईतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवितात, वेलींना पाणी देतात. वेलींची इतकी काळजी वाहणाऱ्या माणसाने स्वतःच्या शरीराची काळजी कशी घ्यावी बरे?

‘जाड कपडे घालावे,’ असे कोणीही सांगेल. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. थंडीपासून रक्षण होते की नाही, हे पुष्कळदा अंगाला लागून असलेल्या कपड्यावर अवलंबून असते.

प्रथम हे ध्यानात घ्या, की कपडा स्वतः ऊब निर्माण करीत नाही. ऊब असते ती आपल्या शरीराची. शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असते आणि बाहेरची गार हवा ती उष्णता सारखी ओढून घेत असते. हवा ही उष्णतेची मंदवाहक आहे. कपड्याच्या धाग्यांत कोंडलेली, स्थिर हवा शरीराची उष्णता सहसा बाहेर जाऊ देत नाही. परंतु त्याच धाग्यांत पाणी शिरले, तर सारा बेत फसतो. स्थिर हवेच्या मानाने पाणी सुमारे चोवीसपट अधिक उष्णता वाहून नेते. शिवाय ओला कपडा अंगावर वाळू लागला, की तो शरीराचीच उष्णता खर्च करतो. एक ग्रॅम घाम वाळण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी अर्ध्या अंशाहून अधिक तापले असते!

हिवाळ्यात अंगावर पाणी येते कोठून, असे तुम्ही विचाराल. ते येते आपल्याच घामातून. गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळचे नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य याच निफाड तालुक्यात आहे. रामसर यादीत स्थान मिळविणारे ते महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र होय. हा मान त्यास २०२० मध्ये जाहीर झाला. पहाटे पक्षी पाहावयास जाणारा मनुष्य पाठीवर पिशवी घेऊन झपझप चालतो. त्याला घाम येतो. मग तो मनोऱ्यावर जाऊन तास-दोन तास हालचाल न करता बसतो. चालताना सुखाचा वाटलेला गंजीफ्रॉक आता बर्फासारखा पाठीला चिकटतो आणि हुडहुडी भरते. एके काळी पाणपक्ष्यांच्या मागे बंदूक घेऊन हिंडणाऱ्या शिकाऱ्यांचीही हीच अडचण असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा शिकारीवर निर्बंध आणले आणि पुढे बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली. परंतु थंडीचा नियम मात्र बदलला नाही.

म्हणून अंगालगतचे वस्त्र निवडताना ते किती जाड आहे याआधी ते घामाचे काय करते, हे पाहावे. सुती कापड घाम शोषून धरून ठेवते व सावकाश वाळते. उन्हाळ्यात हा त्याचा गुण, तर कडाक्याच्या थंडीत तोच त्याचा दोष. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश बाष्प पोटात घेऊनही फारसा ओला लागत नाही आणि त्याच्या कुरळेपणामुळे हवा कोंडलेली राहते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर मात्र राठ असते. तिची घोंगडी वरून पांघरण्यास उत्तम, पण अंगालगत ती टोचते. तेथे मेरिनो मेंढीची तलम लोकर सोसते. शेजारच्या येवल्यात ज्याची वस्त्रे विणली जातात, ते रेशीमही मऊ, हलके आणि उबदार असते. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ शोषीतच नाही. त्यामुळे त्याचे विरळ विणीचे कापड लवकर वाळते. मात्र ते घालून शेकोटीच्या फार जवळ जाऊ नये. ठिणगी पडली तर ते वितळून कातडीस चिकटते.

हा कपडा अंगासरशी असावा, पण आवळणारा नसावा. म्हणजे घाम त्वचेवरून टिपला जातो. त्यावर हवा कोंडणारा सैलसर स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडविणारे वस्त्र घालावे. १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीसा झालेला गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी याचा देह १९९९ मध्ये सापडला, तेव्हा त्याच्या अंगावर रेशमी, सुती व लोकरी वस्त्रांचे असेच एकावर एक थर आढळले. पुढे तसेच कपडे शिवून २००६ मध्ये एव्हरेस्टच्या परिसरात वापरून पाहिले गेले. ते हलके आणि उबदार ठरले.

याची प्रचीती तुम्हांला घरीही घेता येईल. दोन सारख्या पेल्यांत सारखेच कोमट पाणी घ्या. एकाभोवती कोरडे फडके गुंडाळा, दुसऱ्याभोवती तसेच ओले. पाव तासाने दोन्हींत बोट बुडवून पाहा. ओल्या फडक्याने पाण्याची ऊब किती चोरली, ते तुमचे बोटच सांगेल.

प्रत्येकाजवळ मेरिनो किंवा रेशीम असेलच असे नाही. पण साधी युक्ती सर्वांना करता येते. सुती बनियनच असेल, तर दुसरे कोरडे बनियन पिशवीत बाळगावे. चढ चढण्यापूर्वी किंवा कष्टाचे काम सुरू करण्यापूर्वी स्वेटर काढून ठेवावा, म्हणजे घाम कमी येईल. काम संपताच आडोशाला जाऊन ओले बनियन बदलावे आणि मग स्वेटर चढवावा. रात्री शेताला पाणी देणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनाही ही गोष्ट सांगा. त्यांच्या डब्याबरोबर एक कोरडे बनियन दिले, तर थंडीच्या रात्री त्याची ऊब त्यांना महागड्या कोटाहूनही अधिक वाटेल.