मिसरी सुटली, अंगही सुटले!

आमच्या गल्लीतल्या एका आजींनी दातांच्या डॉक्टरांनी दम भरल्यावर मिसरी सोडली. दोन-तीन महिन्यांत चोळी दाटू लागली. “सोडून मिळालं काय? अंग तेवढं सुटलं!” असे म्हणत त्यांनी पुन्हा तंबाखू तव्यावर घातली.

आजींची तक्रार खोटी नाही. सिगारेट सोडणाऱ्या पाश्चात्त्य स्त्रियाही हेच सांगतात, आणि या प्रश्नाचा अभ्यास झाला आहे तो मुख्यतः सिगारेटवरच. पण तंबाखू ओढा, चघळा की हिरड्यांना चोळा, निकोटीन रक्तात उतरतेच. म्हणून तो अभ्यास आपल्याही कामाचा.

मेंदूच्या तळाशी भूक आणि तृप्ती यांचे नियमन करणारे केंद्र आहे. निकोटीन तेथे पोट भरल्याची खोटी वर्दी देते. शिवाय ते हृदयाची गती वाढवते व शरीराला बसल्या जागीही अधिक उष्मांक जाळायला लावते. दिवसभर सिगारेटी ओढणाऱ्याचा हा जादा खर्च सुमारे २०० उष्मांकांचा, म्हणजे एका मोठ्या भाकरीएवढा, धरतात. सवय सुटली की हा खर्च थांबतो. भूक परतते, जिभेला चव येते आणि रिकामा हात फराळाच्या डब्याकडे वळतो. पहिल्या वर्षात सरासरी ४ ते ५ किलो वजन वाढते, त्यातले बरेचसे पहिल्या तीन महिन्यांतच. अर्थात ही सरासरी झाली. साधारण सहांतल्या एकाचे वजन उलट घटते! थोडक्यात, तंबाखूने वजन ताब्यात ठेवलेले नसते, नुसते दाबून धरलेले असते.

पन्नाशीनंतरच्या स्त्रीची अडचण दुहेरी. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, स्नायू झडतात, मेद कमरेखालून पोटाकडे सरकतो. तंबाखू न सोडताही हे घडतेच. पण दोष मात्र सारा सोडण्याच्या माथी येतो.

सिगारेट कंपन्यांनी ही भीती फार पूर्वीच हेरली होती. १९२८-२९ च्या सुमारास अमेरिकेत ‘लकी स्ट्राइक’च्या जाहिराती मिठाईऐवजी सिगारेट घ्या असे सांगत, त्यावर मिठाईवाले खवळले. १९६८ मध्ये खास स्त्रियांसाठी आलेल्या ‘व्हर्जिनिया स्लिम्स’च्या तर नावातच सडपातळपणा होता. गंमत अशी, की ओढणाऱ्यांचे वजन कमी भरले तरी त्यांच्या पोटावर मेद तुलनेने जास्त आढळतो.

आता खरा प्रश्न. वाढलेले वजन सोडल्याचा फायदा खाऊन टाकते काय? अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रचंड पाहणीत रजोनिवृत्त झालेल्या लाखाहून अधिक स्त्रियांच्या नोंदी या दृष्टीने तपासल्या गेल्या. सिगारेट सोडणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका घटला, मधुमेह असो वा नसो. वजनवाढीने हा लाभ काहीसा उणावला. विशेषतः मधुमेह असून ५ किलो वा अधिक वजन वाढलेल्यांत. २०१८ मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात, १० किलोंहून अधिक वाढलेल्यांचाही मृत्यूचा धोका ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमीच निघाला. मात्र सोडल्यानंतर काही वर्षे मधुमेहाचा धोका वाढलेला दिसला, म्हणून साखर तपासत राहावे हे बरे.

मिसरीवाल्या बायकांची आणखी एक अडचण असते, ती डॉक्टरांपुढे सहसा निघत नाही. मिसरीशिवाय शौचाला होत नाही! तेही निकोटीनचेच काम. ते थांबल्यावर आतडी काही आठवडे मंदावतात. भरपूर पाणी, पालेभाजी, उसळी आणि रोज सकाळी चालणे यांनी दोन्ही तक्रारींना उतार पडतो. आजींना हे कोणी आधी सांगितलेच नव्हते.