कावीळ झालेला माणूस बरळू लागला, तर वेळ घालवू नका

गंगाखेड असो की जिंतूर, घरात कुणाला कावीळ झाली की आपण आधी काय करतो? कुणी कावीळ उतरवायला नेतो, कुणी झाडपाला आणून देतो. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटीस ए आणि ई ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, अन् नाव होते झाडपाल्याचे. पण काही थोड्या रुग्णांचे लिव्हर अचानक काम थांबवते. तिथे एकेक तास मोलाचा असतो.

हे ओळखायचे कसे? डोळे पिवळे आहेतच, त्यात माणूस दिवसा झोपून राहतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो, हात थरथरतात, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येते. घरच्यांना वाटते, अशक्तपणा आहे, झोपू द्या. इथेच आपण चुकतो. ही झोप नाही, मेंदूवर झालेला परिणाम आहे. गरोदर बाईला कावीळ झाली तर ही लक्षणे दिसायचीही वाट पाहू नका. हिपॅटायटीस ई तिच्या जिवावर बेतू शकते.

पाण्याशिवाय आणखी दोन कारणे लक्षात ठेवा. एक, पॅरासिटामॉलचा अतिरेक. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, ही कमाल मर्यादा. सर्दीच्या गोळीतही तेच औषध असते, म्हणून दोन्ही मिळून मोजा. जास्त पोटात गेले तर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. पहिल्या ८ तासांत त्याचा फायदा सर्वात जास्त. दुसरे, उंदीर मारायची फॉस्फरसची पेस्ट. ती पोटात गेल्यावर एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो, लिव्हर नंतर बिघडते. त्यामुळे बरा दिसला तरी घरी ठेवू नका.

१०८ ला फोन करून परभणीचे जिल्हा रुग्णालय गाठा. घेतलेल्या सगळ्या गोळ्या, झाडपाला, विषाचे पाकीट सोबत न्या. झोपेची गोळी देऊ नका. पीटी-आयएनआर आणि साखर तपासली का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आयएनआर १.५ च्या वर आणि सोबत बरळणे असेल, तर रुग्णाला आयसीयूची गरज आहे. लिव्हर बदलायची वेळ येईल का, हेही लगेच विचारा, कारण ती सोय मोठ्या शहरातच मिळते आणि रुग्ण बेशुद्ध झाल्यावर प्रवास धोक्याचा ठरतो.

दुआ जरूर करा, पण दवाखान्याच्या वाटेवर करा.