कॉम्प्युटरचे हेडमास्तर आणि व्हायरस

कॉम्प्युटरचे बटण दाबले की थोड्या वेळाने पडद्यावर चित्र येते आणि आपले काम सुरू होते. पण मधल्या वेळात आत काय चालते? शाळेत घंटा केव्हा द्यायची, कोणता वर्ग कोणत्या खोलीत, हे सगळे हेडमास्तर बघतात. कॉम्प्युटरात हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. पुस्तकात ‘कार्यप्रणाली’ असा शब्द आहे, पण तसं बोलत कोणीच नाही.

विंडोज सर्वांना माहीत आहे. ती अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्ट कंपनीची, पैसे देऊन घ्यायची. दुसरी लिनक्स. फिनलंडमधल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ती लिहायला घेतली आणि जगाला फुकट दिली. पुण्यात मुख्य कचेरी असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने लिनक्सवरूनच ‘बॉस’ तयार केली. ती २००७ साली आली आणि तिच्यात मराठीही चालते. बाबांच्या खिशातल्या ॲन्ड्रॉइड मोबाईलच्या पोटातसुद्धा लिनक्सच आहे!

आता व्हायरस. तोही एक प्रोग्रॅमच, फक्त वाईट कामासाठी लिहिलेला. स्वतःच्या नकला करून तो एका यंत्रातून दुसऱ्यात जातो. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीतून पसरला होता. आता फ्लॉपी गेली, पेनड्राईव्ह आणि इंटरनेट आले.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर उरणकडे बघा. पेणला लागूनच तो तालुका. तिथे न्हावा शेवा बंदर आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस सुटला. त्याची सुरुवात युक्रेन देशात झाली. तिथल्या हिशेबाच्या एका प्रोग्रॅमच्या अपडेटमधून तो शिरला आणि मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या जाळ्यातून जगभर गेला. न्हावा शेव्याचे एक टर्मिनल याच कंपनीच्या समूहाकडे होते. तिथले कॉम्प्युटर बंद पडले. कोणता कंटेनर कुठे ठेवला आहे, कोणत्या ट्रकवर चढवायचा, हे सांगणारेच गप्प! क्रेन धडधाकट, माणसे हजर, तरी काम अडले.

पडद्यावर ३०० डॉलर मागणारी चिठ्ठी येत होती. पण पैसे भरूनही फायली परत मिळणार नव्हत्या, कारण व्हायरसची रचनाच नासधूस करण्याची होती. मर्स्कला सुमारे ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या जाळ्याची मुख्य यादी ठेवणारी यंत्रे सगळीकडची पुसली गेली होती. वाचले फक्त आफ्रिकेतल्या घानामधले एक, कारण त्या वेळी तिथे लाईट गेली होती! लाईट गेली म्हणून आपण नेहमी कुरकुरतो, तिथे मात्र तिनेच वाचवलं.

विंडोजमधल्या ज्या भोकातून हा व्हायरस पसरला, त्यातले एक बुजवणारे ठिगळ कंपनीने तीन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिले होते. पण एकच कॉम्प्युटर ठिगळाविना राहिला तरी व्हायरस त्यातून पासवर्ड चोरून शेजारच्या यंत्रांत जाई. तेव्हा अपडेट सगळ्याच यंत्रांत करायला हवे. कौल एका जागी सरकला तरी पाणी घरभर होतं, तसंच हे.

मग कोणती निवडावी? पालकहो, इथे नीट लक्ष द्या. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने नेहमीची ठिगळे देणे १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केले. विंडोज ११ जुन्या यंत्रावर बसतेच असे नाही. म्हणून दुकानदार ‘नवीनच घ्या’ म्हणेल. घाई करू नका. अक्षरे टाईप करणे, पत्र, हिशेब, व्हिडिओ पाहणे एवढेच काम असेल तर जुन्या यंत्रावर लिनक्स छान चालते. विंडोजचे व्हायरस तिच्यावर सहसा चालत नाहीत. मात्र ताईला एमएस-सीआयटी करायची असेल किंवा दुकानाचा हिशेब विंडोजच्याच प्रोग्रॅमात असेल, तर विंडोज ठेवावी लागेल. लिनक्सला व्हायरस होतच नाही असे काही जण म्हणतात, तेही खरे नाही.

झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला पेनड्राईव्ह उघडला आणि फोल्डरच्या चित्रावर छोटा बाण दिसला, तर त्यावर क्लिक करू नका. बहुतेक वेळा खरा फोल्डर लपवलेला असतो आणि बाणवाले सोंग व्हायरसला जागे करते. आधी अँटीव्हायरसने तपासा. अँटीव्हायरस म्हटले की पुण्याचे ‘क्विक हील’ आठवते. सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरस मारणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून ती कंपनी उभी राहिली. पण फुकट मिळतो म्हणून चोरीचा विंडोज टाकायचा आणि वर अँटीव्हायरस घालायचा, याला काय म्हणावे! चोरीच्या प्रतीतच व्हायरस बसलेला असू शकतो.

आईबाबांच्या मोबाईलवर लग्नपत्रिका म्हणून फाईल आली आणि नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल, तर ती पत्रिका नाही, तो प्रोग्रॅम आहे. दाबू नका. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. चुकून दाबली आणि बँकेतले पैसे गेले, तर ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करावा. जितका लवकर फोन, तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

महत्त्वाच्या फायलींची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली तर व्हायरस तिलाही खाईल. आणि लिनक्स कशी असते ते बघायचे असेल तर विंडोज पुसायची गरज नाही. ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राईव्हवर ती घालून कॉम्प्युटर त्यावरून सुरू करता येतो. पेनड्राईव्ह काढून पुन्हा सुरू केला की विंडोज होती तशीच.