स्नानगृहातील स्वावलंबन

व्यापारी कुटुंबात दुकानाची काळजी मोठ्या बारकाईने घेतली जाते. गोदामाच्या विम्याचे नूतनीकरण वेळेवर होते, वजनमापांची पडताळणी चुकत नाही आणि तिजोरीची दुसरी किल्ली कोठे आहे, हे घरातील कर्त्या माणसांना ठाऊक असते. त्याच घरातील वृद्ध आई-वडील मात्र पहाटेच्या अंधुक उजेडात, ओल्या फरशीवरून, भिंतीचा अंदाज घेत न्हाणीघराकडे जातात आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मंदिरात जाण्यापूर्वी स्नान उरकण्याची सवय ज्यांना आयुष्यभराची आहे, त्यांची तर ही रोजचीच वाट असते.

जुन्या वाड्यांत स्वयंपाकघरालगत मोरी असे, शौचकूप मागील अंगणात असे. खरबरीत शहाबादी फरशी, पितळी घंगाळ आणि उकिडवे बसण्याची सवय यांवर पिढ्या निभावल्या. पुढे दुकानाच्या वरच्या मजल्यावरील राहणी सुटली, बंगले व सदनिका आल्या आणि स्नानगृहात गुळगुळीत, चकाकणाऱ्या लाद्या बसल्या. त्या निवडताना रंगसंगतीचा विचार झाला. त्यावर साबणाचे पाणी पडल्यावर सत्तरीच्या माणसाचा पाय किती ठरेल, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला.

पडण्याचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात. अनवधानाने होणाऱ्या इजांमुळे ओढवणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल हेच कारण आहे आणि त्यात साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे. अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्राने 2008 मधील नोंदी अभ्यासल्या, तेव्हा एका वर्षात 15 वर्षांवरील सुमारे 2 लाख 34 हजार व्यक्ती स्नानगृहातील इजांमुळे रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आल्याचे अनुमान निघाले. त्यांतील सुमारे 81 टक्के इजा पडण्यामुळे झाल्या होत्या. आणखी एक गोष्ट त्या अभ्यासातून दिसली. तरुणांना इजा होते ती प्रामुख्याने स्नानाच्या जागी. वय वाढत जाते तसे शौचपात्रावर बसणे व तेथून उठणे अधिक धोक्याचे ठरते. 85 वर्षांपुढील गटात निम्म्याहून अधिक इजा याच कारणाने झाल्या होत्या.

आपल्या देशात 2011 च्या जनगणनेनुसार साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या 10 कोटींहून अधिक होती. विकलांग व्यक्तींची नोंद 2 कोटी 68 लाख होती. गुडघ्यांची झीज, अर्धांगवायू, कंपवात, खुब्याची शस्त्रक्रिया, मधुमेहामुळे बधिर झालेले तळपाय अशी कारणे वेगवेगळी असली, तरी त्या सर्वांना दिवसातून अनेकदा याच लहानशा खोलीत जावे लागते.

पडण्याइतकीच गंभीर असलेली दुसरी हानी डोळ्यांना दिसत नाही. शौचास जाण्याची धास्ती बसली की वृद्ध माणसे पाणी कमी पितात. त्यातून बद्धकोष्ठता होते, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, अंगातील पाणी कमी होऊन चक्कर येते आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. स्नान एक दिवसाआड होऊ लागते. लग्नकार्याला, यात्रेला जाणे काही ना काही निमित्त काढून टाळले जाते. न्हाणीघरात पाय घसरला होता, ही गोष्ट अनेक जण मुलासुनेपासून लपवितात, कारण पुढे कोणीतरी सोबत आत येईल, या विचाराचा त्यांना संकोच वाटतो. म्हणूनच आधाराची साधने सुरक्षिततेइतकीच माणसाच्या लज्जारक्षणाशीही निगडित आहेत.

बसणे आणि उठणे

उकिडवे बसण्यासाठी गुडघे पूर्ण वाकावे लागतात आणि उठताना शरीराचा सारा भार त्याच वाकलेल्या सांध्यांवर येतो. नेहमीचे पाश्चात्त्य पद्धतीचे कमोडही अनेकदा वृद्धांना बुटके पडते. भारत सरकारच्या सार्वत्रिक सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत कमोडच्या आसनाची उंची जमिनीपासून 450 ते 480 मिलिमीटर असावी, असे सांगितले आहे. घरी मात्र त्या व्यक्तीचेच माप घ्यावे. खुर्चीवर बसून पावले सपाट टेकली असता गुडघ्यामागील खोलगट भागापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे आणि आसन त्याहून किंचित उंच ठेवावे. फार उंच झाल्यास पाय अधांतरी राहतात व तोल जातो.

कमोड न बदलता उंची वाढविण्यासाठी त्यावर बसविण्याचे उंच आसन मिळते. ते साधारण 2 ते 6 इंचांच्या जाडीत येते. नुसते ठेवलेले आसन सरकू शकते, म्हणून पकड घट्ट करणारे, स्क्रूने आवळता येणारे आसन घ्यावे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे मांडी व धड यांत काटकोनापेक्षा अधिक वाकू नये, असे अनेक रुग्णांना सांगितले जाते. त्यांना हे आसन अत्यावश्यक ठरते. भारतीय पद्धतीचेच शौचपात्र असल्यास त्यावर ठेवण्याची, मध्ये पोकळी असलेली चौपायी मिळते. पाय पुरेसे रुंद असलेली व रबरी टोप्यांची चौपायी निवडावी.

रात्री वारंवार उठावे लागणाऱ्या व्यक्तीसाठी पलंगाशेजारी ठेवण्याची भांडे असलेली कमोड खुर्ची उपयोगी पडते. झोपेतून एकदम उठल्यास रक्तदाब खाली येऊन घेरी येते. अशा वेळी अंधारातून पंधरा पावले चालण्यापेक्षा दोन पावलांवरील खुर्ची बरी. चाकांची खुर्ची असेल तर बसण्यापूर्वी चाकांचे अटकाव लावलेच पाहिजेत. खुर्ची किती किलो वजन पेलते, हे खरेदीपूर्वी विचारावे.

हातांच्या व खांद्यांच्या व्याधींमुळे स्वच्छता करणे जड जाते, ही अडचण फारशी बोलली जात नाही. शौचपात्रालगतचा पाण्याचा फवारा हाताशी येईल अशा जागी लावला तरी अर्धे काम होते. जपानच्या टोटो कंपनीने 1980 मध्ये पाण्याने धुणारे आसन बाजारात आणले. आता तशी आसने अनेक कंपन्यांची मिळतात आणि आखडलेल्या हातांच्या माणसाला दुसऱ्याची मदत न घेता स्वच्छ होता येते.

भिंतीवरील दांडा

आधाराचा दांडा हे सर्वांत साधे साधन आहे, परंतु चुकीचा बसविलेला दांडा नसलेल्या दांड्यापेक्षा घातक ठरतो. टॉवेलची दांडी, नळ, गिझरची नळी व हात धुण्याचे भांडे यांपैकी काहीही माणसाचा भार पेलण्यासाठी बनविलेले नसते. अमेरिकन मानकांनुसार असा दांडा सुमारे 113 किलोंचा भार सहन करणारा आणि भिंतीपासून दीड इंच अंतरावर हवा. अंतर कमी असल्यास बोटे नीट वळत नाहीत. ते फार असल्यास तोल गेलेल्या माणसाचा हात आत अडकून मोडू शकतो. पृष्ठभाग खरबरीत असावा, कारण साबणाच्या हातातून चकचकीत पोलाद निसटते.

आडवा दांडा रेटून उठण्यासाठी आणि उभा दांडा ओढून उभे राहण्यासाठी असतो. दोन्हींचा उपयोग होईल असा काटकोनी दांडाही मिळतो. अर्धांगवायू झालेल्या व्यक्तीसाठी दांडा सशक्त हाताच्या बाजूस हवा. बाजूला भिंत नसेल तर वर उचलून ठेवता येणारा दुमडता दांडा मागील भिंतीवर बसवितात. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत दांडा भक्कम बसतो. अलीकडील इमारतींतील हलक्या ठोकळ्यांच्या भिंतींत साधा खिळा किंवा प्लास्टिकचा गट्टू पुरत नाही. तेथे रासायनिक पद्धतीने पक्के केलेले बोल्ट लागतात. हवेच्या दाबाने लादीला चिकटणारे दांडे सोयीचे दिसतात, परंतु ते नकळत सैल होतात. त्यांच्यावर शरीराचा भार टाकू नये.

स्नान, पाणी आणि दार

बसून स्नान करणे हा कमीपणा नाही. त्यासाठी घरातील साधी प्लास्टिकची खुर्ची वापरू नये, कारण ओल्या लादीवर तिचे पाय फाकतात. उंची कमी-जास्त करता येणारी, आसनाला पाणी निचरण्यासाठी छिद्रे असलेली आणि रबरी टोप्यांची स्नानाची खुर्ची घ्यावी. झिजलेल्या टोप्या बदलणे हे दर काही महिन्यांचे काम आहे. बादली जमिनीवर न ठेवता खुर्चीच्या उंचीच्या चौरंगावर ठेवली, तर प्रत्येक तांब्यासाठी कमरेत वाकावे लागत नाही. हातात धरण्याचा फवारा त्याहूनही सोयीचा.

मधुमेही व अर्धांगवायूच्या रुग्णांना पाण्याची उष्णता कळत नाही. म्हणून आधी थंड व मग गरम पाणी घ्यावे, गिझरचे तापमान कमी ठेवावे आणि ज्याला संवेदना आहे त्या हाताने किंवा कोपराने पाणी पाहावे.

बहुतेक स्नानगृहांचे दार आत उघडते. आत कोणी दाराला टेकून पडले तर ते बाहेरून ढकलता येत नाही. दार बाहेर उघडणारे वा सरकते करावे आणि कडी गरज पडल्यास बाहेरूनही उघडेल अशी असावी. चाकांच्या खुर्चीसाठी दाराची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर असणे इष्ट आहे. पाणी बाहेर येऊ नये म्हणून केलेला उंच उंबरठा उतरता करून घ्यावा. पलंगापासून स्नानगृहापर्यंत रात्रभर मंद दिवा असावा. घंटेचे बटण जमिनीवर पडलेल्या माणसाच्या हातालाही लागेल इतके खाली असावे. दाराबाहेरची सुटी पायपुसणी काढून टाकावीत. लादीवर साचणारा साबणाचा थर दर आठवड्याला घासला, तर पुष्कळ घसरगुंडी कमी होते.

विषय काढावा कसा?

यांतील मोजकी साधने, म्हणजे दोन दांडे, स्नानाची खुर्ची, उंच आसन, रबरी चटई व रात्रीचा दिवा, हे सारे मध्यम प्रतीच्या एका भ्रमणध्वनीच्या किमतीत येते. तेव्हा अडचण पैशाची नसते. "मला अजून काही झालेले नाही," या उत्तरापाशी विषय थांबतो. मुलाने वडिलांना न विचारता दुकानातून खुर्ची आणली, तर ती बहुधा माळ्यावर जाते. त्याऐवजी, "अण्णा, दांडा सर्वांसाठीच बसवतोय. तुमचा हात कुठे पोहोचतो तेवढे सांगा," असे म्हटले, तर अण्णाच सुतारकामाच्या पेन्सिलीने भिंतीवर खूण करून देतात. जागा कोणती व साधन कोणते, याबाबत व्यवसायोपचार किंवा भौतिकोपचार तज्ज्ञाचा घरी येऊन दिलेला सल्ला मोलाचा असतो.

सर्वांसाठी बसविण्यातही तथ्य आहे. अमेरिकन वास्तुविशारद रोनाल्ड मेस यांना नवव्या वर्षी पोलिओ झाला. विद्यापीठातील स्वच्छतागृहांची दारे त्यांच्या चाकाच्या खुर्चीला अरुंद पडत. पुढे त्यांनीच सार्वत्रिक रचनेचा विचार मांडला. वस्तू आणि वास्तू आरंभापासूनच शक्य तितक्या सर्व माणसांना वापरता येईल अशी असावी, हे त्याचे सूत्र आहे. भिंतीवरचा दांडा गर्भवती सुनेला लागतो, पाय मुरगळलेल्या नातवालाही लागतो.

घराबाहेरची जबाबदारी

ज्यांना हा खर्च परवडत नाही, त्यांच्यासाठी शासकीय योजना आहेत. केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 मध्ये सुरू झाली. तिची साधने कानपूर येथील 'अलिम्को' या सरकारी उपक्रमामार्फत दिली जातात. महाराष्ट्रात 2024 पासूनच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील, 2 लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक वार्षिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना एकरकमी 3,000 रुपये मिळण्याची तरतूद झाली. कमोड खुर्चीचा त्यात समावेश आहे. दुकानातील जुन्या हमालाच्या किंवा घरकामाच्या मावशींच्या घरी अशी गरज असेल, तर त्यांचा अर्ज भरून देणे एखाद्या तरुणाला सहज जमेल.

विकलांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये सार्वजनिक इमारतीची व्याख्या विस्तृत आहे. लोकांच्या वापरातील खासगी इमारती आणि धार्मिक वास्तूही तीत येतात. मंगल कार्यालय, धर्मशाळा व भोजनगृह बांधताना देणगीदारांच्या नावाचे फलक खोल्यांवर लागतात. त्यांतील तळमजल्यावरचे एक तरी शौचालय रुंद दाराचे, योग्य उंचीच्या आसनाचे, दांडे बसविलेले असेल, तर कित्येक वृद्धांची थांबलेली यात्रा पुन्हा सुरू होईल. त्याची किल्ली मात्र कार्यालयात अडकवून ठेवू नये आणि त्यात झाडू-बादल्याही रचू नयेत.

गावोगावी मंडळांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे आहेत. त्यांत पलंग, वॉकर, चाकाची खुर्ची हमखास असते. कमोड खुर्ची, उंच आसन व स्नानाची खुर्ची यांचीही त्यात भर पडावी. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांपुरती लागणारी वस्तू प्रत्येक घराने विकत घेण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरी अशी साधने वापराविना पडून आहेत, त्यांनी ती स्वच्छ करून, टोप्या बदलून केंद्राकडे द्यावीत. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत माळा आवरला जातोच, तेव्हाच ही खुर्चीही खाली उतरवावी. त्याच सुमारास रंगकामाला येणाऱ्या कारागिराकडून स्नानगृहातील दोन दांडेही बसवून घ्यावेत.