मटन स्ट्रीटवरचं जुन्या वस्तूंचं दुकान

मुंबईत भेंडी बाजाराला लागून असलेल्या मटन स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची लहान लहान दुकानं दाटीवाटीने उभी आहेत. चोर बाजार म्हणतात तो हाच. शुक्रवारी ही दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुमा बाजार भरतो. एरवी शटर वर गेलं की निम्मा माल बाहेर फळीवर येतो. किल्लीची घड्याळं, काचेच्या हंड्या, सिनेमाची पोस्टरं, मुंबईच्याच दारूखाना भागात तोडलेल्या जहाजांवरचे पितळी दिवे. आत जेमतेम एका माणसाला वळण्याएवढी जागा.

इथला माल कारखान्यातून मागवता येत नाही. गिरगावातली चाळ पाडायला निघते, पुण्यातला वाडा बिल्डरकडे जातो, एखाद्या पारशी घरातलं शेवटचं माणूस जातं, तेव्हा सामान बाहेर पडतं आणि भंगारवाल्याच्या हातून फिरत फिरत इथे पोचतं. दुकानदाराला दोन्हीकडची माणसं सांभाळावी लागतात, विकणारी आणि घेणारी. जाणते दुकानदार त्यासाठी गिऱ्हाइकांच्या मागण्या लिहून ठेवतात. कुणाला फिरकीचा तांब्या हवा, कुणाला अठ्ठ्याहत्तरच्या वेगाच्या नाट्यसंगीताच्या तबकड्या, कुणाला मळवलीच्या रविवर्मा छापखान्यातली लक्ष्मी. वस्तू हाती आली की फोन जातो, मग मधे दोन वर्षं गेली असली तरी चालतं. सिनेमा-मालिकांचे कलादिग्दर्शक येतात ते बहुधा भाड्याने न्यायला. टेलिफोन किंवा टाइपरायटर चित्रीकरणाला जातो, परत येतो, पुन्हा जातो. कित्येक दुकानांचं भाडं या फेऱ्यांवर निघतं.

पण दुकान टिकतं ते खरं सांगण्यावर. कर्ण्याचा ग्रामोफोनच घ्या. पर्यटकाला तो हवाच असतो, म्हणून बाजारात तो जुळवला जातो. कर्णा नवा, पेटी नवी, आतली मोटार कुठल्याशा मोडक्या यंत्रातली आणि पुढे कुत्र्याचं चित्र चिकटवलेलं. पेटी उलटी करून स्क्रू पाहावेत. फुलीच्या खाचेचे स्क्रू बाजारात आले ते १९३० च्या दशकात. १९१० चं म्हणून दाखवलेल्या यंत्रात ते दिसले, तर निदान तेवढा भाग तरी मागाहूनचा. पितळेलाही चिंच-आम्ल लावून आणि मातीत पुरून म्हातारपण आणतात. अशा वेळी, ‘‘भाई, ये नया है. शोभा के लिए ले जाओ, पुराना समझ के मत ले जाओ,’’ असं म्हणणारा दुकानदार त्या दिवशी चार पैसे कमी कमावतो. ते गिऱ्हाईक मात्र पुढच्या खेपेला दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही.

मराठी घरातल्या भांड्यांना तर स्वतःचा दाखला असतो. घंगाळाच्या काठाखाली, तांब्याच्या गळ्यावर छिन्नीने टिंबं ठोकून घातलेलं नाव. लग्नात कुणी कुणाला दिलं, कधी कधी गाव आणि तारीखसुद्धा. कल्हईवाल्याकडे भांड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणूनही ही नावं उपयोगी पडत. काही दुकानदार चकचकीत पॉलिश मारताना ती घासून टाकतात, आणि मला ते अक्षम्य वाटतं. नाव गेलं की उरतं ते वजनाचं पितळ. नाव राहिलेलं भांडं हातात घेऊन बोटाने अक्षरं वाचणारं गिऱ्हाईक मग घासाघीस विसरून आपल्या आजोळाबद्दल बोलू लागतं.

अशा गिऱ्हाइकांतूनच संग्रहालयं उभी राहतात. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर देश पालथा घालून दिवे, अडकित्ते, वाद्यं, रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

कायद्याचंही भान हवं. १९७२ चा पुरावस्तू कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणं आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनं मोलाचं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या परदेशी नेता येत नाहीत. परदेशी राहणाऱ्या गिऱ्हाइकाला हे पैसे घेण्याआधी सांगणं दुकानदाराचं कर्तव्यच आहे. हस्तिदंताला तर हातही लावू नये.

घर रिकामं करताना जुनी भांडी किलोवर घालू नका. आधी त्यांवरची नावं वाचा, वस्तू कुणाची, कुठली, ते कागदावर लिहा आणि तो कागद वस्तूबरोबर दुकानदाराला द्या. आणि विकत घ्यायला गेलात, तर असा कागद मागा.